कुंपणाच्या आतले देऊळ



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ते' असे छापले आहे, आणि त्याखाली विषय आहे एका पडक्या ख्रिस्ती देवळाचा. परवा बाजारात एका स्नेह्यांनी मला अडवून विचारलेच, "काय हो, बोनस आणि ग्रॅच्युइटी संपली काय?" संपलेली नाही. ती माझ्या जन्मात संपायची नाही. पण या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत, आणि मी तर सातवीपर्यंत शाळेत गेलेला, पुढचे जे काही शिकलो ते रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलेला माणूस. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले आणि ज्याच्यासाठी पुस्तके धुंडाळली, तेवढेच तुमच्यापुढे ठेवतो. तीस वर्षे कारखान्यांच्या गेटांवर उभे राहण्यात गेली, त्यामुळे कुठलीही वास्तू पाहिली की ती कोणी बांधली हा प्रश्न माझ्या मनात नंतर येतो. आधी मनात येते, की इथे आत कोणाला सोडतात?

देऊळ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. वसईकडचे आणि साष्टीतले जुने मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. मी ज्या देवळाबद्दल बोलणार आहे ते मुंबईत, अंधेरीच्या पूर्वेला, मरोळ आणि कोंडिवटे या जुन्या गावांच्या शिवेवर आहे. आपल्या कर्जत, नेरळ, वांगणीकडची कितीतरी मुले-मुली पहाटेची लोकल धरतात, घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळच्या बाजूला जातात आणि सीप्झ नावाच्या निर्यात वसाहतीत दागिने घडवण्याचे किंवा यंत्रांचे सुटे भाग जोडण्याचे काम करतात. त्या वसाहतीच्या कुंपणाच्या आत, इमारतींच्या गर्दीत, बिनछपराच्या काळ्या भिंती उभ्या आहेत. भिंतींच्या सांध्यांतून झाडांची मुळे उतरली आहेत. दर्शनी भिंत अजून शाबूत आहे. हेच ते सेंट जॉनचे देऊळ. नेरळच्या एका पॉलिश कारागिराला मी याबद्दल विचारले. तो दहा वर्षे तिथे कामाला होता. म्हणाला, "तिकडे झाडीत काहीतरी जुनं आहे खरं." दहा वर्षांत त्याला त्या झाडीकडे जायला सवड मिळाली नव्हती, आणि कामाच्या वेळेत तिकडे फिरत बसण्याची सोयही नव्हती.

हे देऊळ येशूसंघाच्या पोर्तुगीज पाद्र्यांनी १५७९ साली बांधले. वसई आणि साष्टी हा मुलूख १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे आला होता. पुढे धर्मांतरे झाली. ती कशी झाली याबद्दल मी गोड बोलणार नाही. कुठे लोभ होता, कुठे सक्ती होती, जुनी देवस्थाने मोडली गेली. बोरिवलीजवळ मंडपेश्वरला शिवाच्या लेण्याच्या डोक्यावरच चर्च आणि मठ बांधला गेला, तो आजही पाहता येतो. हे सगळे खरे आहे. पण एकदा एखादी गोष्ट घडून गेली आणि तिच्यात माणसांच्या आठ-दहा पिढ्या जन्मल्या आणि मेल्या, की ती त्या माणसांची होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज पाद्री निघून गेले. गावे मात्र ख्रिस्तीच राहिली. देशी पाद्र्यांनी देवळे सांभाळली. पस्तीस वर्षे मराठ्यांचा अंमल झाला, १७७४ ला साष्टी इंग्रजांकडे गेली. राजे तीन झाले, आणि कोंडिवट्याच्या शेतकऱ्याच्या घरचे बारसे, लग्न आणि मयत त्याच देवळात होत राहिले. भात लावणारी, ताडी काढणारी, मासे धरणारी ही माणसे. बोली मराठी, लुगडे नऊवारी, आडनाव मात्र परेरा नाहीतर डिसोझा. पुढे १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा या लोकांनी 'ईस्ट इंडियन' असे नाव घेतले. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथल्याच मातीचे, हे सरकारदरबारी कळावे असा हेतू होता. त्यामागे रेल्वेतल्या आणि कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांचा प्रश्न होता, हे मला कामगार चळवळीतला माणूस म्हणून सांगितले पाहिजे. भूमिपुत्राचा प्रश्न काही काल-परवाचा नाही.

१८४० च्या सुमारास गावावर साथ आली. माणसे पटापट मरू लागली. जी वाचली त्यांनी ती जागा सोडली आणि ती मरोळकडे सरकली. तिथे नवे देऊळ उभे केले. जुन्या देवळातल्या मूर्ती, खांब आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याचे दगडी पात्र ही माणसे बरोबर घेऊन गेली. आपल्याकडे धरणात गाव बुडते तेव्हा लोक घराच्या तुळया, दाराच्या चौकटी आणि देवाचा टाक घेऊन निघतात. तसेच हे झाले. फक्त भिंती आणि जमिनीतली माणसे नेता येत नाहीत. ती मागे राहिली.

त्या भिंतींवर जवळजवळ सव्वाशे वर्षे पाऊस पडला. मग महाराष्ट्र राज्य झाले, औद्योगिक विकास महामंडळ आले, मरोळची शेते संपादनात गेली. १ मे १९७३ या दिवशी तिथे निर्यातीसाठी खास वसाहत स्थापन झाली. तारखेकडे लक्ष द्या, कामगार दिनच होता तो! जुने देऊळ त्या शंभरेक एकरांच्या आत सापडले. म्हणजे साथीने माणसांना देवळापासून एकदा तोडले आणि कुंपणाने दुसऱ्यांदा. अशा वसाहतीत प्रवेशपत्राशिवाय कोणाला जाता येत नाही, कारण ती जकातीच्या दृष्टीने जणू परदेशची जमीन समजली जाते. आता जमीन परदेशची, आणि तिच्याखाली पुरलेले आजे-पणजे मात्र मरोळचे.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या देवळापासून थोड्याच अंतरावर महाकाली लेणी आहेत, तीच कोंडिवट्याची लेणी. बौद्ध भिक्षूंनी ती खोदली, शेकडो वर्षे वापरली, आणि ती ओस पडली. आपल्या कर्जतला कोंढाणे लेणे आहे, त्याचीही तीच कथा. म्हणजे एकाच शिवारात आधी विहार ओस पडला, मग देऊळ ओस पडले. आणि आता त्या देवळाभोवती जे कारखाने आहेत त्यांतले काही बंद होऊन त्यांच्या जागी काचेच्या इमारती येताना मी पाहतो आहे. असो.

आता तुम्ही विचाराल, भिंती पडल्या, माणसे गेली, नवे देऊळ झाले, मग या पडक्याचे एवढे काय? याचे उत्तर शोधताना मी फार लांब, स्कॉटलंडपर्यंत जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांतून. आम्हा मंडळींना स्कॉटलंड ठाऊक असतो तो मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथामुळे. पहिल्या खंडात सदरलंडच्या सरदारणीची हकीगत आहे. १८१४ ते १८२० या काळात तिने पंधरा हजार माणसांना त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीवरून हाकलले आणि तिथे मेंढ्या चरायला सोडल्या. ते वाचल्यावर मला त्या माणसांची घरे, देवळे, कबरी यांचे पुढे काय झाले ते पाहावेसे वाटले.

स्कॉटलंडच्या खेड्यात पॅरिश म्हणजे नुसते पूजेचे ठिकाण नव्हते. आपल्या ग्रामपंचायतीसारखे बरेच काही होते. गावातल्या अनाथ-अपंगांना शिधा देणे, शाळामास्तर नेमणे, कोण कोणाचे मूल हे लिहून ठेवणे, ही सगळी कामे तिथली वडीलधारी मंडळी करीत. मयताच्या पेटीवर घालायचे काळे मखमली वस्त्र देवळाच्या मालकीचे असे. ते भाड्याने देत, आणि भाड्याचे पैसे गरिबांच्या पेटीत टाकीत. मला ही व्यवस्था फार आवडली. श्रीमंताच्या मयतातून गरिबाची भाकरी निघते, आणि कोणाला भाषण करावे लागत नाही.

त्या लोकांच्या जुन्या दफनभूमीतल्या शिळांबद्दल वाचले तेव्हा मी पुस्तक खाली ठेवले आणि थोडा वेळ तसाच बसलो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या त्या शिळांवर मेलेल्या माणसाच्या धंद्याची हत्यारे कोरलेली आहेत. विणकराच्या शिळेवर माग आणि धोटा. लोहाराच्या शिळेवर हातोडा, आणि हातोड्यावर मुकुट! शिंप्याच्या शिळेवर कात्री आणि इस्त्री. शेतकऱ्याच्या शिळेवर नांगराचा फाळ. जवळच कवटी, हाडे आणि वाळूचे घड्याळ, म्हणजे वेळ भरली असे सांगायला. मुकुट राजाच्या डोक्यावर असतो असे आपण समजतो. तिथल्या लोहारांनी तो हातोड्याच्या डोक्यावर बसवला, आणि दगडात कोरून ठेवला.

आणखी एक. तिकडे शेकडो खेड्यांत जुने देऊळ पडले किंवा दोन पॅरिश एकत्र झाल्या म्हणून ओस पडले. नवे दुसरीकडे बांधले. तरी माणसे मयत नेत राहिली ती जुन्याच आवारात, कारण आईबाप तिथे होते. छप्पर नाही, दार नाही, पण आवाराची भिंत आणि वाट राखली गेली. १९२५ साली कायदा झाला आणि अशा बहुतेक जुन्या दफनभूमींची देखभाल स्थानिक संस्थांकडे गेली. देवळात आता कोणी प्रार्थना करो न करो, आवाराचे गवत कापण्याची जबाबदारी कोणाची हे कागदावर ठरले. जमिनीचा मालक बदलला तरी वाट बदलली नाही.

याच्या उलट आपल्याकडे पाहा. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन पंथाच्या पडक्या चर्चच्या जमिनीत कोरीव लेखांच्या शिळा आहेत. त्या आहेत पोर्तुगीज उमराव-सरदारांच्या, त्यांच्या बायकांच्या. ज्यांनी त्या भिंतींचा दगड फोडला, चुना मळला, त्यांच्या नावाचा चतकोर दगडही तिथे नाही. मरोळच्या शेतकऱ्याचेही तसेच.

आणि हे सगळे पोर्तुगिजांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही, कारण आपल्याच तालुक्यात याहून मोठे उदाहरण आहे. पळसदरीहून खंडाळ्याकडे गाडी चढू लागते तेव्हा आपण खिडकीतून धबधबे पाहतो. १८५६ ला तो बोरघाटाचा मार्ग खोदायला सुरुवात झाली आणि २१ एप्रिल १८६३ ला तो खुला झाला. पंचवीस बोगदे. १८६१ च्या सुमारास तिथे एका वेळी चाळीस हजारांवर माणसे काम करीत होती. आजच्या कित्येक तालुक्याच्या गावांची तेवढी वस्ती नाही! १८५९ च्या आरंभी मजुरी थकली म्हणून घाटात दंगल झाली. मी त्या दंगलीला आपल्या तालुक्यातला पहिला मोठा कामगार लढा मानतो, मग सरकारी कागदात तिला काहीही म्हटलेले असो. त्याच वर्षी पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. दुसरा आला, सॉलोमन ट्रेडवेल, तो थोड्याच दिवसांत आजारी पडून मेला, आणि त्याच्या विधवेने, अॅलिस ट्रेडवेल या बाईने, कंत्राट पुरे करवून घेतले. बाईचे कौतुक आहेच. पण ट्रेडवेल कशाने मेला, कधी मेला, हे आपल्याला दीडशे वर्षांनी सांगता येते, आणि त्याच घाटात पटकीने, सुरुंगाने, कडा कोसळून जी हजारो माणसे गेली त्यांतल्या एकाचेही नाव मला कुठे सापडले नाही. ती कुठे पुरली, कुठे जाळली, याची खूण नाही. त्यांच्या हातांचे कोणी शिळेवर चित्र कोरले असते तर काय कोरले असते? पहार, घमेले आणि पाठीवरचे मूल.

आता मघाच्या सदरलंडकडे परत येतो. त्याच बाजूला, उत्तर स्कॉटलंडच्या एका एकाकी दरीत क्रोइक नावाचे ठिकाण आहे. तिथे १८२७ साली सरकारी खर्चाने बांधलेले एक साधे, छोटे चर्च आहे. १८४५ च्या मे महिन्यात शेजारच्या ग्लेनकॅल्वी दरीतल्या अठरा कुटुंबांना मेंढ्यांसाठी जमीन रिकामी करायला लावली. सुमारे नव्वद माणसे, त्यांत तान्ही मुले आणि म्हातारी. कुठेच आसरा नाही, म्हणून ती चर्चच्या आवारात, कबरींच्या मधोमध, काठ्यांवर कापड टाकून राहिली. आत शिरली नाहीत. देवाचे घर घाण होईल असे त्यांना वाटले असावे. आणि जाण्यापूर्वी त्यांच्यातल्या काहींनी बाहेरच्या बाजूने खिडकीच्या काचांवर अणकुचीदार काहीतरी घेऊन ओरखडून लिहिले, की ग्लेनकॅल्वीचे लोक इथे राहिले होते. हा आपल्याच पापाचा दंड असावा असेही त्यांनी लिहिले. ते वाचून राग येतो. घर जमीनदाराने घेतले आणि पाप स्वतःचे! त्यांची भाषा गेलिक, पण लिहिले इंग्रजीत, म्हणजे परक्यांना वाचता यावे. ती अक्षरे आजही त्या काचांवर आहेत.

ज्यांना शिळा मिळणार नव्हती त्यांनी काच वापरली. या साक्षीमुळे आज जगाला ग्लेनकॅल्वी ठाऊक आहे. नाहीतर ती दरी म्हणजे नुसते हिरवे कुरण, प्रवाशाने सुंदर म्हणावे असे. बोरघाट आपण सुंदर म्हणतो तसेच.

आता मरोळला या. मरोळच्या लोकांनी काचेवर लिहिले नाही. त्यांनी वेगळे केले, आणि मला ते अधिक शहाणपणाचे वाटते. ते वर्षातून एकदा तिथे जातात. मे महिन्यात एका रविवारी परवानगी काढून जुन्या देवळाच्या परिसरात त्यांची प्रार्थना होते. बिनछपराच्या भिंतींत फुले बांधतात, मेज मांडतात, म्हाताऱ्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून येतात. मरोळ गावठाणातल्या एका वृद्ध बाई मला म्हणाल्या, "वर्षातून एक दिस का होईना, आमी आमच्या घरी जातो." घरी! जिथे त्या कधी राहिल्या नाहीत, त्यांची आजीही राहिली नसेल, ते त्यांचे घर. नव्या देवळात त्या दर रविवारी जातात. तिथे त्यांना काही कमी नाही.

आपल्यालाही हे अनोळखी नाही. माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. दर वर्षी २ जानेवारीला आपल्याकडची माणसे थंडीत सिद्धगडला जातात. स्मारक नेरळला आहे, पुतळे आहेत, तरी जायचे तिथेच, जिथे रक्त सांडले. वर्षातून एकदा गेल्याने ती वाट मोडत नाही. ज्या वाटेने कोणी जात नाही, ती आधी गवतात जाते, मग नकाशातून जाते, आणि मग कोणीतरी तिच्यावर फाटक घालतो.

फाटकावर थोडे सविस्तर बोलतो, कारण माझ्या आजच्या बोलण्याचे ते मूळ आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कर्जत आणि खालापूर तालुक्यांत जमिनी किती हातांतून गेल्या ते तुम्हाला सांगायला नको. पेजेच्या आणि उल्हासाच्या काठाला फार्महाऊस झाली. खोपोलीकडे कारखाने, गोदामे, महामार्ग. मोरबे धरणाच्या पाण्यासाठी गावे उठली, ते पाणी नवी मुंबईच्या नळांना जाते. या प्रत्येक व्यवहारात मोजणी झाली, झाडे मोजली, विहीर मोजली, मोबदल्यावर भांडणे झाली. गावाबाहेरच्या चेड्याचा दगड, ठाकरांच्या वाडीची पुरायची जागा, कातकऱ्यांच्या मूठमातीची जागा कोणी मोजली? सातबाऱ्यावर ती बहुधा पोटखराब्यात गेली. नशीब असले तर पोटखराबा वर्ग 'ब' म्हणून, म्हणजे सार्वजनिक वहिवाटीची जमीन म्हणून. नसले तर नुसती खडकाळ म्हणून. एका वाडीतली माणसे मला भेटायला आली होती. त्यांच्या पुरायच्या जागेकडे जाणाऱ्या पायवाटेवर नव्या मालकाने तारेचे कुंपण घातले होते. मालक वाईट माणूस नव्हता. त्याच्या कागदात वाट नव्हती, एवढेच. त्याने विकत घेतले ते कागदाप्रमाणे.

म्हणून मी नेहमी सांगतो, मरोळच्या लोकांना जे परवानगी काढून करावे लागते ते आपण हक्काने करता येईल असे आधीच लिहून घेतले पाहिजे. युनियनच्या कामात मी एक गोष्ट शिकलो. मालकाने तोंडी कबूल केलेली चहाची सुट्टी नवा मॅनेजर आला की जाते. करारात लिहिलेली पाच मिनिटे मॅनेजर बदलला तरी राहतात.

आणि लिहून घेण्याची जागा कायद्यात आहे. जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या १६५ व्या कलमात 'वाजिब-उल-अर्ज' नावाचे एक दप्तर सांगितले आहे. नाव फारसी आहे, घाबरू नका. खासगी जमिनीतून जाण्या-येण्याच्या गावाच्या ज्या वहिवाटी असतील त्या जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करून त्यात नोंदवायच्या असतात. वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, अडथळा काढून घेता येतो. मात्र सहा महिन्यांच्या आत. आमची माणसे दोन पावसाळे वाट पाहतात, शेटजी उघडतील म्हणून, आणि मग अर्ज करतात. मग तो कायदा उपयोगी पडत नाही, दिवाणी दावा लावावा लागतो, आणि दिवाणी दावा म्हणजे काय ते मी या सभागृहात बसलेल्या वकील मंडळींपुढे सांगत नाही.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा चांगला आहे. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत लिहिले आहे, की नव्या वसाहतीत स्मशान किंवा दफनभूमी असावी, पूजास्थान असावे, पार असावा. पण ते नव्या जागी. मरोळलाही नवे देऊळ मिळालेच होते. जुन्या जागी पाय ठेवण्याचा हक्क त्याने आपोआप मिळत नाही. तो संपादनाच्या वेळी अटीत घालून घ्यावा लागतो, की अमुक गट नंबरमधली एवढी जागा वगळावी, किंवा वर्षातून अमुक दिवशी एवढ्या लोकांना अमुक वाटेने जाऊ द्यावे. मोबदल्याच्या रकमेसाठी आपण सहा मोर्चे काढतो. या एका ओळीसाठी मी एकही मोर्चा पाहिलेला नाही.

वाड्यांवरच्या भावांसाठी तर याहून बळकट साधन आहे. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे २००७ चे नियम. सामूहिक हक्काचा दावा करताना पुरावा काय द्यावा याची यादी तेराव्या नियमात आहे. तिच्यात स्थानिक लोकांनी बांधलेल्या वास्तूंचे अवशेष, देवाची झाडे, देवराया, पाणवठे आणि पुरण्या-जाळण्याच्या जागा आल्या आहेत. म्हणजे पाहा, जिथे कागदावर माणूस नाही तिथे सरकार विचारते, तुमचा मेलेला कुठे आहे तो दाखवा! आजवर आपण पूर्वजांची कबर ही भावनेची गोष्ट समजत होतो. कायद्याने तिला साक्षीदार केले आहे. फक्त साक्षीदार उभा केला पाहिजे. जोत्याचे चार दगड, उभा केलेला चिरा, शेंदूर लावलेले झाड, हे सगळे हललेले नसताना, जेसीबी यायच्या आधी.

आता इरशाळवाडीबद्दल दोन शब्द. मी ते टाळणार होतो, पण आपल्या तालुक्यात या विषयावर बोलून त्या जागेचे नाव न घेणे बरे दिसणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. सत्तावीस देह सापडले. सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोध थांबवला. वाचलेल्यांसाठी चौकजवळ घरे बांधली गेली, आणि ते व्हायलाच हवे होते. पण ती सत्तावन्न माणसे वर आहेत. त्यांना कोणी पुरले नाही, डोंगराने पुरले. ज्या घरांत ती राहत होती तीच त्यांची जागा झाली. उद्या पंचवीस वर्षांनी तिथे रान वाढलेले असेल, इरशाळगडाला जाणारा ट्रेकर त्या उतारावर डबा खायला बसेल, आणि त्याला कोणी सांगितले नाही तर त्याचा काय दोष? त्या उताराची हद्द आखून महसुली कागदात तिची दफनस्थळ म्हणून नोंद झाली पाहिजे, आणि तिथे जाण्याची वाट लिहिली गेली पाहिजे. शिळा लावायची की नाही, कसली लावायची, ते त्या वाडीच्या माणसांनी ठरवावे, आपण नव्हे. लावलीच, तर नावे असावीत. सगळी नावे, आणि जमल्यास विळा, कोयता, टोपली, ज्याचे जे असेल ते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. आम्ही लोक माईक हातात आला की सोडत नाही अशी ख्याती आहेच. तेव्हा कामाचे तेवढे सांगतो. सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा नमुना आणि वाटेच्या अडथळ्यासाठी तहसीलदारांना करायच्या अर्जाचा मसुदा, दोन्हींच्या पन्नास-पन्नास प्रती मी आणल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर, चपलांच्या डाव्या हाताला, ठेवल्या आहेत. ज्यांच्या गावात अशी जागा आहे त्यांनी घेऊन जाव्यात. भरताना गट नंबर तलाठ्याकडून खात्री करून घ्यावा, जागेच्या चतुःसीमा लिहाव्यात, आणि गावातल्या दोन वयस्क माणसांचे जबाब जोडावेत. ती माणसे आहेत तोवर.